स्वादुपिंडाचा कर्करोग: ऑपरेशन यशस्वी झाल्यानंतर

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका गावचे शेतकरी, वय अठ्ठावन्न. घरी-दारी सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि निर्णय जसे झाले तसे ठेवले आहेत.

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. ऑपरेशन माझ्या हातचं नाही, केमोही मी ठरवलेली नाही. पण दोन्हींच्या आधी, मधे आणि नंतर आबा माझ्याकडे येत राहिले. या आजारात ऑपरेशननंतर माणूस किती जगतो याचा बराचसा निकाल थिएटरच्या बाहेर लागतो: ताटात, औषधाच्या पुडीत, रेल्वेच्या डब्यात, मुलांच्या भांडणात. "ऑपरेशन यशस्वी झालं" असं सर्जनने सांगितलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तिथून पुढे लक्ष ढिलं पडतं. हे प्रकरण त्या पुढच्या काळाचं आहे. मात्र आधीचं थोडं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत, मुलगी जालन्याला दिलेली. आबा माळकरी, आषाढीची वारी चुकवत नसत. तंबाखूचा बार मात्र सुटला नव्हता.

संक्रांतीच्या सुमारास गावातल्या शिबिरात त्यांची साखर वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांत वजन 64 किलोवरून 57 वर आलं. घरच्यांनी ते साखरेच्या नावावर टाकलं, आणि गोड बंद केल्याचं कौतुकही झालं. पन्नाशीनंतर एकाएकी आलेला मधुमेह आणि सोबत कारण नसताना उतरणारं वजन, या जोडीकडे डॉक्टरांनी थांबून बघायला हवं. असे बहुतेक मधुमेही साधे मधुमेहीच असतात. शंभरात जेमतेम एखाद्याच्या मागे स्वादुपिंडाची गाठ निघते. पण वजन झपाट्याने उतरत असेल तर त्या एखाद्याला शोधण्यासाठी पोटाची तपासणी करायला हरकत नसते.

वारीहून आबा परतले ते पिवळे डोळे घेऊनच.

अडचण

आमच्याकडे कावीळ झाली की पाय दवाखान्याकडे आधी वळत नाहीत. गळ्यात माळ बांधणारे, नाकात रस सोडणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ "उतरवणारे" दर पाच-दहा गावांत एक असतात. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे या लोकांचं नाव टिकून राहतं. आबांची माळ तीन आठवडे गळ्यात होती. अंगाला खाज इतकी, की रात्री उठून ते पाठ भिंतीला घासत. शौचाचा रंग पांढुरका मातीसारखा, लघवी मोहरीच्या तेलासारखी. पोटात दुखत मात्र नव्हतं, म्हणून कुणी घाबरलं नाही.

खाज, पांढुरकी शौच आणि दुखणं नसलेली कावीळ म्हणजे पित्ताची वाट कुठेतरी बंद झाली आहे. साठीच्या आसपासच्या माणसात हे दिसलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, पित्ताशय तट्ट भरलेलं आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडे काहीतरी असल्याची शंका आली. काविळीचं रक्तातलं माप, म्हणजे बिलिरुबिन, 13.4; खूपच वाढलेलं.

इथे पहिला निर्णय आला. सोनोग्राफी जिथे झाली तिथल्या डॉक्टरांनी लगेच दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी नळी, टाकायचा सल्ला दिला: कावीळ उतरेल, मग पुढचं बघू. घरच्यांना हे पटणारंच होतं. पिवळेपणा डोळ्यांना दिसतो, गाठ दिसत नाही. मी आधी सीटी करून घ्यायला सांगितलं, आणि तोही स्वादुपिंडासाठी ठराविक वेळा साधून काढलेला. स्टेंट टाकल्यावर भोवती सूज येते, धातूची सावली पडते, आणि गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना किती भिडली आहे ते नीट ओळखू येत नाही. ऑपरेशन होणार की नाही, हे तर तेवढ्यावरच ठरतं.

सीटीत 2.8 सेंटीमीटरची गाठ होती. जवळच्या शिरेला ती एका बाजूने टेकलेली होती, पण तिला वेढा घातलेला नव्हता. धमनी मोकळी, यकृत स्वच्छ. म्हणजे काढता येण्यासारखी. या आजारात निदानाच्या वेळी जेमतेम पंधरा-वीस टक्के लोक या टप्प्यावर असतात.

कुठे करायचं

अशी गाठ काढायच्या व्हिपल ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढतात आणि तीन जोड नव्याने घालतात. घरात तीन मतं होती. थोरल्याला जिल्ह्याच्या गावी करायचं होतं: घरून डबा नेता येईल, ओळखीचे डॉक्टर आहेत. धाकट्याला मुंबईला न्यायचं होतं. जावयाने छत्रपती संभाजीनगरमधल्या एका रुग्णालयाचं नाव काढलं, जिथे पोटाच्या कर्करोगाची ऑपरेशनं नियमित होतात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते.

मी त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगितला: तुमच्याकडे वर्षाला किती व्हिपल होतात? प्रश्न उद्धट वाटतो, पण विचारायलाच हवा. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जिथे हे ऑपरेशन वर्षातून जेमतेम एखादं होई तिथे मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांवर होतं. जिथे सोळाहून जास्त होत तिथे 4 टक्क्यांच्या आत. नेदरलँड्समध्ये तर वर्षाला किमान वीस करत असाल तरच हे ऑपरेशन करा, असा दंडक आहे. जिल्ह्याच्या गावचे सर्जन प्रामाणिक निघाले. "वर्षा-दोन वर्षांत एखादं," असं त्यांनी सांगितलं आणि पुढे पाठवायची चिठ्ठी स्वतःच लिहून दिली. असा सर्जन गावाला लाभणं ही मोठी गोष्ट आहे.

मुंबईला अनुभवाला तोड नव्हती, पण तारीख लांबची होती आणि राहायचं कुठे हा प्रश्न होताच. संभाजीनगर रेल्वेने चार तासांच्या आसपास. ऑपरेशनपुरता विचार केला असता तर मुंबई बरोबर ठरली असती. पण पुढे महिनोन् महिने खेपा घालायच्या आहेत हे डोळ्यांसमोर होतं, म्हणून संभाजीनगर.

स्टेंटचा प्रश्न तिथेही निघाला. सर्जनने नाही म्हटलं. बिलिरुबिन साधारण साडेचौदाच्या आत आहे, ताप नाही आणि ऑपरेशन लवकर होणार आहे, अशा रुग्णात आधी स्टेंट टाकल्याने गुंतागुंती वाढतात, हे नेदरलँड्सच्या 2010 च्या चाचणीने दाखवलं होतं: स्टेंटवाल्या गटात 74 टक्के लोकांना गंभीर त्रास झाला, थेट ऑपरेशनच्या गटात 39 टक्के. अट एकच, तारीख लगेच मिळायला हवी. योजनेची मंजुरी रेंगाळली असती तर हाच निर्णय चुकीचा ठरला असता. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने कागद पुढे सरकवले, रक्त नीट गोठावं म्हणून व्हिटॅमिन केची इंजेक्शनं झाली, आणि पोळ्याच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

पाचव्या-सहाव्या दिवशी स्वादुपिंडाच्या जोडातून गळती सुरू झाली. ताप चढला, जठर रिकामं होईना. ही गळती चांगल्यात चांगल्या ठिकाणीही होते. ती किती लवकर ओळखली जाते, यावर सगळं असतं. डच रुग्णालयांनी ऑपरेशननंतर रोज ठरलेल्या निकषांनी तपासून लगेच सीटी आणि निचरा करायची पद्धत लावली, तेव्हा मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 वर आलं. आबांचा सीटी रात्रीच झाला, नळी नीट बसवली गेली. एकोणिसाव्या दिवशी सुटी मिळाली. त्या रात्री ते जिल्ह्याच्या गावी असते तर काय झालं असतं, हा प्रश्न थोरल्याने मला नंतर दोनदा विचारला.

गाठीचा अहवाल: स्वादुपिंडाच्या नलिकेचा कर्करोग, कापलेल्या कडा आजारापासून मोकळ्या, एकोणीस लसिकाग्रंथींपैकी दोनमध्ये आजार.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डावर आहारासाठी एकच ओळ होती: हलका आहार, तेल-तूप वर्ज्य.

काकूंनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, ती ओळ मंत्रासारखी पाळली. मऊ भात, वरणाचं पाणी, बिनतेलाची खिचडी. शेंगदाणे बंद, दही बंद, भाकरी बंद. तरी आबांना दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावं लागे. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, आणि घरभर दरवळ. घरच्यांनी अर्थ लावला की खाल्लेलं सोसत नाही, म्हणून खाणं आणखी कमी केलं. ऑपरेशनच्या दिवशी 55 किलो असलेले आबा दसऱ्याच्या आधी माझ्याकडे आले तेव्हा 46 भरले. मुलाने खांद्याला धरून आत आणलं.

त्यांच्या पोटात अन्न पचवणारा रसच पुरेसा उतरत नव्हता. स्वादुपिंडाचं डोकं गेलं, उरलेल्या भागाचा जोड गळतीतून सावरलेला, आणि गाठीमुळे ग्रंथी आधीच थकलेली. अशा माणसाचं तेल-तूप तोडणं म्हणजे आधीच उपाशी असलेल्याला उपास सांगणं. त्यांना हवी होती पॅन्क्रिअॅटिनची, म्हणजे पाचक रसाची कॅप्सूल, जेवणासोबत आणि पुरेशा मात्रेत. व्हिपलनंतर तपासणीची वाट न बघता ती सुरू करतात. कार्डावर तिचं नाव नव्हतं. हा दोष एका रुग्णालयाचा नाही, अशी कार्डं मी अनेक ठिकाणची पाहिली आहेत.

कॅप्सूल लिहिताना एक अडचण उभी राहिली, आणि ती पुस्तकात सापडत नाही. पॅन्क्रिअॅटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. समोर माळकरी माणूस. न सांगता देता आलं असतं. कोण बघणार आहे पाकिटावर? धाकट्याने मोबाइलवर वाचलं होतं, आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, आबांना बोलू नका. आई तर घरातच येऊ देणार नाही ते औषध."

मी सांगायचं ठरवलं. हे औषध जन्मभर, दर जेवणाला घ्यायचं आहे. वर्षभराने दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर औषध सुटेल आणि माझ्यावरचा विश्वासही. बुरशीपासून केलेल्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात, पण इतकी कमतरता असलेल्या माणसात त्यांच्यावर भरवसा टाकण्याजोगा पुरावा नाही, हेही स्पष्ट केलं. आबा बराच वेळ गप्प होते. काकू उठून बाहेर गेल्या. दोन दिवसांनी निरोप आला: सप्त्याला येणाऱ्या महाराजांना विचारलं, ते म्हणाले, औषध हे औषध, जीव राखणं हाही धर्मच. महाराजांचं नाव मला ठाऊक नाही, पण या प्रकरणातल्या तज्ज्ञांत मी त्यांना धरतो.

मात्रा अशी ठरली: 25,000 युनिटच्या दोन कॅप्सूल प्रत्येक जेवणाला, मधल्या खाण्याला एक. पहिल्या घासाबरोबर एक, अर्ध्या जेवणात दुसरी. जेवण उरकल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. सोबत आम्ल कमी करणारी गोळी. आणि ताट बदललं. दिवसात सहा वेळा थोडं-थोडं. खिचडीवर तेल परत आलं, शेंगदाण्याचा कूट आला, दही, दुधाची साय. भाकरीने पोट लवकर भरतं म्हणून सुरुवातीला अर्धीच. काकूंना हे पटायला वेळ लागला. कार्डावरच्या त्या ओळीवर मी लाल पेनाने काट मारून सही केली, तेव्हा कुठे तेलाची बाटली पुन्हा चुलीजवळ आली.

साखरही बदलली होती. गोळ्या थांबवून इन्शुलिन सुरू केलं, पण हात आखडता ठेवून. स्वादुपिंडाचा भाग गेला की साखर वर खेचणारं संप्रेरकही कमी पडतं, आणि साखर खाली जाते ती धाडकन. घरात गुळाचा खडा कुठे ठेवायचा हे नातवालासुद्धा शिकवलं.

केमोचा निर्णय

घरात एक गोष्ट दाबून ठेवलेली होती. आबांना आजार सांगितलेला नव्हता. "पित्ताच्या नळीत गाठ होती, काढून टाकली" एवढंच. मुलांचा हेतू वाईट नव्हता. शेजारच्या गावातल्या एका गुरुजींचं हेच ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली होती आणि गुरुजी ठणठणीत होते. त्यांचंच उदाहरण आबांना दिलं जाई. गुरुजींची गाठ पित्तनलिकेच्या तोंडाशी होती, असं त्यांच्या जुन्या कागदावरून मला कळलं. ऑपरेशन तेच, आजार वेगळा, आयुष्याचं गणितही वेगळं. ही गल्लत आपल्याकडे फार होते, आणि तिच्यापायी लोक केमो नको म्हणतात.

आबाही तेच म्हणाले. "गाठ काढली ना? मग आता कामून सुया टोचायच्या?"

काढलेल्या गाठीचे कण डोळ्यांना न दिसता मागे राहिलेले असतात. नुसतं ऑपरेशन करून सोडलं तर बहुतेकांत आजार परततो. जर्मनीतल्या चाचणीत ऑपरेशननंतर काहीच न दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी 10 टक्के हयात होते, जेमसिटाबिन हे केमोचं एकच औषध दिलेल्यांपैकी 20 टक्क्यांहून थोडे जास्त. 2018 साली फ्रान्स-कॅनडाच्या चाचणीने सुधारित फोल्फिरिनॉक्स, म्हणजे अनेक औषधांची दर पंधरा दिवसांनी द्यायची केमो, जेमसिटाबिनच्या शेजारी ठेवून पाहिली. मध्यम आयुर्मान 35 महिन्यांवरून 54 महिन्यांवर गेलं. पाच वर्षांनी हयात असणारे 43 टक्के, जेमसिटाबिन गटात 31. ऑपरेशननंतरच्या आयुष्यात इतकी भर घालणारं दुसरं काही या आजारात अजून हाती नाही. मात्र त्या चाचणीतले लोक धडधाकट, नीट सावरलेले होते. 46 किलोचे आबा त्यांत बसत नव्हते.

सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. थोरला आणि धाकटा यांचं माझ्या दवाखान्याच्या ओट्यावरच वाजलं. धाकटा म्हणे, कळलं तर आबा जेवण सोडतील. थोरला म्हणे, आधीच कुठे जेवतायत. शेवट मुलीने केला. ती जालन्याहून आली, आबांजवळ बसली आणि माझ्यासमोर म्हणाली, "आबा, त्या गाठीत कॅन्सर होता. काढलाय. परत येऊ नये म्हणून औषध हाय." आबांनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना ठावं होतं?" मग म्हणाले, "मला आधी सांगायचं ना. वारीला माउलीपुढं काय मागायचं ते तरी नीट मागितलं असतं." जेवण त्यांनी सोडलं नाही. उलट कॅप्सूल विसरली तर तेच काकूंना आठवण करून देऊ लागले.

कॅन्सरतज्ज्ञांसमोर चार वाटा होत्या. फोल्फिरिनॉक्स, जेमसिटाबिनसोबत घरी घ्यायच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, नुसतं जेमसिटाबिन, किंवा काहीच नाही. गोळ्यांची वाट खेड्यातल्या माणसाला सोयीची होती आणि युरोपच्या चाचणीत ती जेमसिटाबिनपेक्षा सरसही ठरली होती, पण फरक थोडा होता. सगळं अडलं होतं ताकदीवर. घाई करून हलकी केमो लगेच सुरू करायची, की थांबून माणूस उभा करून मोठी द्यायची?

थांबायचं ठरलं. आधार होता युरोपातल्याच एका मोठ्या चाचणीच्या विश्लेषणाचा: केमो ऑपरेशननंतर बारा आठवड्यांपर्यंत सुरू केली तरी चालतं; लवकर सुरू करण्यापेक्षा ठरलेल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण होणं आयुष्यासाठी जास्त मोलाचं. हा निष्कर्ष खेड्यातल्या रुग्णासाठी सोन्याचा आहे, कारण घाबरून चौथ्या आठवड्यात सुरू केलेली केमो तिसऱ्या फेरीत बंद पडलेली मी पाहिली आहे. आबा रोज मळ्याच्या बांधापर्यंत चालू लागले. अकराव्या आठवड्यात वजन 50 झालं आणि पहिली फेरी लागली, मात्रा थोडी कमी ठेवून.

सहा महिने

फोल्फिरिनॉक्सचं शेवटचं औषध छोट्या पंपातून 46 तास थेंबथेंब जातं. म्हणजे दर फेरीला संभाजीनगरात तीन दिवस मुक्काम. असे बारा मुक्काम झाले असते तर थोरल्याची कापसाची वेचणी गेली असती, आणि कापूस गेला असता तर केमोही थांबली असती. छातीत केमोपोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची कातडीखालची डबी, बसवलेला होता. तिथल्या केमो विभागाने माझ्या परिचारिकेला पंप काढून पोर्ट धुवायचं शिकवलं. आबा पंप कमरेला बांधून रात्रीच्या गाडीने परत येत, तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पंप निघे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासाला स्लीपरचं तिकीट रेल्वे पूर्ण माफ करते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. हे घरच्यांना तीन फेऱ्या होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीनंतर एका रात्री अंगात कणकण आली. नियम आधीच पाठ करून घेतला होता: ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, गावात क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. थोरल्याने फोन केला, पहिलं इंजेक्शन माझ्याकडे लागलं, 108 ने जिल्ह्याला नेलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला होत्या. पाच दिवसांत सावरले. पुढच्या फेऱ्यांत एका औषधाची मात्रा कमी झाली आणि पेशी वाढवणारं इंजेक्शन जोडलं गेलं.

मग परभणीची थंडी. फोल्फिरिनॉक्समधलं एक औषध ऑक्झॅलिप्लॅटिन; ते घेणाऱ्याला गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, गार पाणी प्यालं तर घसा आवळल्यासारखा होतो. पहाटे हौदात हात घालणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही. आबांना हातमोजे आणि कोमट पाणी सक्तीचं झालं. तरी आठव्या फेरीपर्यंत बोटांची जाण इतकी गेली की सदऱ्याची बटणं काकू लावू लागल्या. तिथे ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवलं, बाकी औषधं चालू ठेवली. एक औषध गेलं म्हणून डाव मोडला असं नाही. बारा फेऱ्या उन्हाळ्यात पूर्ण झाल्या.

पैशाचं थोडक्यात. त्या वेळी योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती आणि ऑपरेशननेच ती जवळजवळ संपली. आता ती पाच लाख आहे. केमोचा काही भाग, कॅप्सूल आणि इन्शुलिन खिशातून गेलं: बैलजोडी विकली, धाकट्याने कंपनीतून उचल घेतली.

निष्पत्ती

ऑपरेशनला सव्वादोन वर्षं झाली आहेत. शेवटचा सीटी स्वच्छ आहे, या कर्करोगाचा माग घेणारी रक्तातली खूण, सीए 19-9, मर्यादेत. वजन 56. इन्शुलिन चालू, कॅप्सूल चालू. बोटांची जाण पूर्ण आलेली नाही, वेचणी जमत नाही. पाखरं हाकलणं आणि हिशेब त्यांच्याकडे आहे. वारीला यंदा एसटीने जाऊन आले. बरे झाले असं मी म्हणत नाही. दोन ग्रंथींत आजार होता, आणि पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत हा शब्द वापरायचा नाही असं आमचं ठरलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

संक्रांतीला सापडलेल्या साखरेसोबत वजनाचा तक्ता ठेवला असता तर कदाचित काविळीआधीच गाठ दिसली असती. माळेचे तीन आठवडे वाचवणं त्याहून सोपं होतं. त्यासाठी आशाताईंना एक वाक्य पुरतं: खाज आणि पांढुरकी शौच असलेली कावीळ थेट दवाखान्यात पाठवा. कावीळ उतरवणाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनाच हे वाक्य शिकवावं असं माझं मत आहे. आमच्या भागातले दोघं तरी आता असे रुग्ण पाठवतात.

केमो ऑपरेशनच्या आधी द्यायला हवी होती का? सीमेवरच्या गाठींसाठी, म्हणजे ज्या रक्तवाहिन्यांना जास्त भिडलेल्या असतात, आता तीच रीत होत चालली आहे. सरळ काढता येणाऱ्या गाठींत तिचा फायदा अजून सिद्ध झालेला नाही. उत्तर युरोपातल्या एका चाचणीत तो दिसलाही नाही. बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येतं की ऑपरेशननंतर जे कधीच केमोपर्यंत पोचत नाहीत, त्यांना निदान आधी ती मिळते. आबा थोडक्यात त्या लोकांत जमा होणार होते, तेही ऑपरेशन फसल्यामुळे नव्हे, जेवण न पचल्यामुळे. माझ्या मते व्हिपलच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पाचक रसाची कॅप्सूल, तिची मात्रा आणि पंधराव्या दिवसाचं वजन यांसाठी छापील रकाना असावा. त्याला ना यंत्र लागतं, ना मंजुरी.

आजाराबद्दल सांगणं ऑपरेशनच्या आधीच झालं असतं तर केमोच्या वेळचे दोन आठवडे गेले नसते. पण तेव्हा मुलं तयार नव्हती, आणि जालन्याची लेक तेव्हा बाळंतपणात होती.

एक काम अजून बाकी आहे. या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक तपासणी करावी अशी आता शिफारस आहे, कारण पाच ते दहा टक्के लोकांत बीआरसीएसारख्या जनुकातला दोष जन्मतःच असतो. तो निघाला तर आजार परतल्यास ओलापॅरिबसारखं औषध उपयोगी पडू शकतं, आणि मुलांना, विशेषतः मुलीला, स्तनाच्या तपासण्या लवकर सुरू करता येतात. आबांची आई पोटाच्याच दुखण्याने गेली होती, असं अलीकडे बोलता बोलता निघालं. तपासणीचे पैसे धाकटा पुढच्या पगाराला भरणार आहे. रक्त आबांचं घ्यायचं, पण अहवाल आधी कुणी वाचायचा यावर घरात अजून एकमत नाही. लेकीचं म्हणणं आहे की या वेळी पहिल्यांदा आबांनाच सांगायचं.